कमांडर सॅल्यूट शिकला

१ डिसेंबर, सोमवार
बुंदीला गार्ड डॉग करायचं ठरवलं. मुदत चौदा दिवस. रविवारी, १४ तारखेला नरेशसाहेब ठाण्याहून कडावच्या फार्महाउसवर येणार, तिथून आमच्या घरी डेमो बघायला. पसंत पडलं तर त्यांच्या तिन्ही फार्महाउसची सिक्युरिटी माझ्याकडे. बत्तीस वर्षं कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होतो. माणसं घडवली, कुत्रा म्हणजे काय.
सद्यस्थिती वाईट. वय तीन वर्षं. दूधवाला बुधाजी आला की उताणा पडून पोट दाखवतो. घरचं मांजर याच्या ताटलीत जेवतं, हा शेजारी बसून बघतो. नावातच दोष आहे. अंगावर पिवळे ठिपके म्हणून ठकूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, बुंदी ठेवलं. आजपासून नाव कमांडर.

२ डिसेंबर
कमांडर म्हणून सतरा हाका मारल्या. आला नाही. ठकूने एकदा बुंदी म्हटलं, आला. तिला ताकीद दिली. ती म्हणाली, कुत्र्याला नोकरी लावताय, त्याला इचारलं का?

३ डिसेंबर, सकाळ
चोराच्या भूमिकेसाठी कातकरी वाडीवरचा पोशा ठरवला. आमच्याकडे गवत कापायला येतो. पन्नाशीचा, तोंडाचा फाटका. हाताला गोणपाट बांधून कंपाउंडवरून आत उडी मारायची, एवढंच काम. पोशा म्हणाला, आमच्या आज्याला पोलीस फुकटात चोर म्हणायचं, तुमी मजुरी देताय, सुधारणा हाय.
उडी चांगली मारली. कमांडरने गोणपाट हुंगलं आणि पोशाचं तोंड चाटलं.
निदान: जबड्यात दम नाही.

४ डिसेंबर
जबड्याचा व्यायाम. बैल बांधायची जुनी लोखंडी साखळी मटणाच्या रश्श्यात बुडवून तोंडात दिली. दुसरं टोक मी धरलं. त्याला आधी खेळ वाटला, शेपूट हलवत ओढायला लागला. मग मी खरे झटके द्यायला सुरुवात केली. आठव्या झटक्याला कट्ट असा आवाज झाला आणि तो किंचाळला. तोंडातून रक्त.
साखळी तपासली. एकही कडी तुटलेली नाही.

५ डिसेंबर
मोठं यश. बुधाजीने बिस्किट पुढे केलं, कमांडरने मान फिरवली. परक्याच्या हातचं न खाणं हा सगळ्यात अवघड धडा समजतात. आमच्याकडे एका रात्रीत.
ठकू म्हणाली, माझ्या हातचं पण खात नाय. म्हटलं, हुशार मुलं पुढचा धडापण वाचतात.

६ डिसेंबर
सॅल्यूट. मी शिकवला नव्हता, स्वतःहून. उजवा पंजा उचलून गालापर्यंत नेतो, डोळा किंचित मिटतो. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. व्हिडिओ काढून नरेशसाहेबांना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.
ठकूला दाखवला. तिने व्हिडिओ दोनदा बघितला आणि डोळ्याला पदर लावला. इतकी भारावलेली मी तिला प्रथमच बघितली.

८ डिसेंबर, सोमवार
बसत नाही, झोपत नाही. घराभोवती फेऱ्या मारतो, मग पाण्याच्या टाकीखाली अंधारात शिरून राहतो. फेऱ्या म्हणजे गस्त, टाकीखाली म्हणजे दबा. दोन्ही अभ्यासक्रमात पुढच्या आठवड्यात होते.
आणि आज पहिला चावा. बुधाजीने सवयीने डोक्यावरून हात फिरवला, हात गालाकडे गेला. कमांडरने मनगटच धरलं. हाडापर्यंत. दुधाची किटली आडवी झाली, अंगणात दूध आणि रक्त एक झालं. मी बुधाजीला म्हटलं, अभिमान बाळग, तू पहिला. त्यावर तो जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही.
कर्जतला जाऊन चार टाके आणि कुत्र्याची सुई घेऊन आला. उद्यापासून दूध आणायला मला जावं लागणार.

९ डिसेंबर
जबडा भरला. उजव्या डोळ्याखाली चांगला लिंबाएवढा उंचवटा आला आहे. व्यायामाचा परिणाम. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, त्यामुळे चेहरा उग्र दिसतो.
पोशा आला, पण कंपाउंडवर चढून तिथेच बसून राहिला. उडी मारेना. म्हणाला, दादा, ह्याला दुखतंय. तोंड एका अंगाला धरतंय, डोळा बारीक करतंय, गालाला पंजा लावतंय. तुमची दाढ ठणकत व्हती तवा तुमी अस्संच बसलेलं.
मी विचारलं, तेव्हा मी कोणाला चावलो होतो का?
ठकू आतून म्हणाली, चावला नाय. डाळीचं पातेलं फेकून मारलंत.
पोशा कंपाउंडवरच हसत बसला. त्याची मजुरी अर्धी धरावी का, विचार चालू आहे.
दुपारी लाईटचं मीटर बघायला आलेल्या माणसाच्या पोटरीचा लचका. दोन झाले.

१० डिसेंबर
मांजर सवयीने ताटलीशी गेलं. कमांडरने पाठीला धरलं, दोनदा झटकलं आणि भिंतीवर फेकलं. धप्पकन आवाज आला. मांजर न ओरडता उठलं, कणगीमागे गेलं, पाय पोटाखाली घेऊन गप्प बसलं. खात नाही, अंग चाटत नाही, हूं नाही की चूं नाही. घरात शिस्त आली.
ठकू माझ्याशी बोलत नाही. ते वेगळं.

११ डिसेंबर
कमांडर जरा मंद वाटला. सहा दिवसांत नुसतं पाणीच पोटात, तेही मान वाकडी करून. डेमोला तीन दिवस. तरतरी यावी म्हणून माझी गुडघेदुखीची एक गोळी गुळात घालून लांब चमच्याने घशात ढकलली. मला तिने अर्ध्या तासात चालायला येतं.
संध्याकाळी काळसर उलटी. पोट साफ झालं.

१२ डिसेंबर, शुक्रवार
डाव्या हाताने लिहितोय.
सकाळी बुधाजी सात-आठ जणांना घेऊन आला. हातात बांबू, एकाकडे कोयता. म्हणाले, तुमचं कुत्रं पिसाळलंय. लाळ गळतीय, खात नाय, दिसंल त्याला फाडतंय. बाहेर काढा, संपवतो. गावात लेकरं हायती.
मी शांतपणे समजावलं की हा आजार नाही, हे प्रशिक्षण आहे. बुधाजीने पट्टी बांधलेला हात माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाला, मग हा काय प्रशस्तिपत्र हाय व्हय?
म्हटलं, आज्ञा पाळतो की नाही ते बघा. टाकीखालून पट्ट्याला धरून ओढलं, समोर बसवलं आणि मान वर करायला जबड्याखाली हात घातला.
त्याने माझा तळहात आरपार केला. सोडेना. मी दुसऱ्या हाताने त्याच्या डोक्यात गुद्दे घातले, त्याच गालावर बसले, तो गुरगुरत आणखी दाबायला लागला. मग कोणीतरी बांबू घातला. पाठीत. पुन्हा एक. तेव्हा सुटला आणि फरफटत टाकीखाली गेला. कोयतेवाला पुढे सरकला.
ठकू टाकीसमोर जाऊन बसली. चक्क मांडी घालून. म्हणाली, आधी माझ्या डोक्यात घाला. मार्चमध्ये पिसाळण्याची सुई दिलीय त्याला, कागद हाय माझ्याकडं. पिसाळला नाय तो. त्याचं काय ठसठसतंय ते आपल्यातल्या एकालाही इचारता आलं नाय.
बुधाजीने कागद उलटा-सुलटा बघितला. म्हणाला, वहिनी, उद्या दुपारपर्यंत डॉक्टर आणा. नाय आला तर तुमी उठायचं आणि आमी आमचं काम करायचं.
मला सात टाके. कमांडर कोणाचीही भीड ठेवत नाही, एवढं त्यातून सिद्ध झालं.

१३ डिसेंबर, शनिवार
कर्जतहून डॉक्टर दीक्षा आल्या. वयाने लहान वाटल्या. मला वाटलं पट्टा धरून बाहेर ओढतील. त्या दहा पावलं लांब जमिनीवर बसल्या आणि दहा मिनिटं फक्त बघत राहिल्या. कंपाउंडबाहेर बुधाजीची माणसं बांबू टेकवून उभी. मी म्हटलं, मॅडम, तपासणी कधी सुरू करणार? म्हणाल्या, काका, संपत आली.
मग विचारलं, हे कधीपासून? म्हटलं, सगळं लिहिलेलं आहे. अभिमानाने ही वही दिली. त्यांनी ४ तारखेपासून वाचलं. न खाणं, पंजा गालाला, न झोपणं, लपून बसणं, हात लावला की चावणं, सूज, लाळ. वही मिटून परत दिली. म्हणाल्या, नोंद उत्तम ठेवलीत. दुखण्याचं एकही लक्षण सुटलेलं नाही.
मी थँक्यू म्हणालो.
ठकूने साखळी आणून त्यांच्या पायाशी ठेवली. मग माझ्या गोळ्यांची पट्टी. पट्टीवरचं नाव वाचून त्या पहिल्यांदा आवाज चढवून बोलल्या. माणसाची ही गोळी कुत्र्याच्या आतड्याला जखमा करते, मूत्रपिंडं घालवते. मांजराला तर तापाची साधी गोळीही पुरते मरायला. तुम्ही त्याला मारायला बांबूवाल्यांची वाट कशाला बघत होतात?
आधी लांब काठीला लावलेल्या सुईने गुंगीचं आणि दुखणं थांबवायचं इंजेक्शन. म्हणाल्या, पहिलं दुखणं थांबवायचं, बाकी सगळं नंतर. तो झोपल्यावर जबडा उघडून मला बोलावलं. वरची मोठी दाढ उभी चिरलेली, आत पू. बुधाजीनेही वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग बाहेरच्यांना म्हणाला, जावा रं घरी. दाढ हाय.
त्यानेच टेंपो आणला. एका हाताने कुत्र्याला उचलू लागला. कणगीमागचं मांजरही डॉक्टरांनी सोबत घेतलं. दोन बरगड्या मोडल्या आहेत म्हणाल्या. गप्प बसलेलं मांजर जास्त घाबरवतं मला, असंही म्हणाल्या.
रात्री दोन्ही परत. दाढ काढली. सलाईन लावलं. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, ज्यांना चावला त्यांनी सुया पूर्ण करायच्या. त्यात मीही.

१४ डिसेंबर, रविवार
डेमो. नरेशसाहेब वेळेवर आले. पोशा गोणपाट न बांधता कंपाउंडवरून उतरला. कमांडर हळूहळू चालत गेला आणि त्याच्या पायाशी आडवा झाला. मग साहेबांचे बूट चाटले. बुधाजी चौकशीला आला होता, त्याची पट्टी हुंगली आणि शेपूट हलवली.
साहेबांनी नाव विचारलं. मी कमांडर म्हणायच्या आत ठकूने बुंदी म्हटलं. साहेब हसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, काका, मी कॅमेरे लावून घेतो.
पोशा म्हणाला, दादा, चोराचं काम गेलं का माझं?

१६ डिसेंबर
प्रशिक्षणाचा पाया पक्का आहे, दाढेमुळे तात्पुरता खंड पडला. जानेवारीत नव्याने सुरुवात.
ठकूने साखळी भंगारवाल्याला देऊन टाकली.

१९ डिसेंबर, शुक्रवार
मऊ भात खायला लागला. ठकूच्या हातून खातो. बुधाजीच्या हातून खातो. पोशाने आज भातात दाबून गोळी दिली, तीही खाल्ली. मी ताटली घेऊन गेलो की टाकीखाली जातो. चावत नाही, गुरगुरत नाही. नुसता थरथरतो.
ठकू म्हणाली, जरा लांब जाता का, भात गार होतोय.
पायरीवर जाऊन उभा राहिलो. आला नाही. कंपाउंडबाहेर गेलो. आला नाही. रस्ता ओलांडून समोरच्या खाचरात उतरलो, पाठ फिरवली.
मागून ठकूचा आवाज आला, तिथंच ऱ्हावा, खातोय.