निंबाभाऊंना नको असलेला शब्द

नवागाम, सुरत
१३ फेब्रुवारी २०२५

ती. शालिग्राममामांस कुंदनचा साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतर पत्र लिहिले नाही, क्षमा असावी. तब्येत कशी आहे? (दरवेळी रीत म्हणून विचारतो. या वेळी खरेच कळवा.)

लूमच्या खात्यातून कोणी कायमचा घरी बसला की शाल, नारळ आणि चौकटीतले मानपत्र द्यायचे, अशी रीत आमच्या मंडळाने गेल्या वर्षी पाडली. मजकूर माझ्याकडे, कारण मी बी.ए. (मराठी, दुसरा वर्ग). त्यात मी ‘देदीप्यमान कारकीर्द’ लिहितोच. परवा निंबाभाऊंना त्यांचा मसुदा वाचून दाखवला. २३ तारखेला सत्कार आहे. त्या शब्दाशी त्यांनी मला थांबवून अर्थ विचारला. म्हटले, नुसते चमकणे नव्हे, जोराने, सतत प्रकाशत राहणे. (छत्तीस वर्षे एका ट्यूबलाइटखाली लूम चालवलेल्या माणसाला हे लावणे कितपत प्रामाणिक, ही शंका मला आजवर का आली नाही, या विचारात मी पडलो होतो.) निंबाभाऊंची शंका मात्र वेगळीच निघाली.

“माले नको तुमना शब्द! राघोले दिधा, सुकदेवले दिधा. एक वरीसमा दोन्ही गयात!”

राघोआप्पांना दमा होता, सुकदेवांचे हृदय कमजोर होते, हे मी समजावले. तेवढ्यात त्यांच्या उषाबाईंनी चहा पुढे ठेवत आठवण दिली की दोघांच्या तेराव्यालाही मी तोच शब्द वाचला होता. खरे आहे. श्रद्धांजलीत मी मानपत्रातलेच वाक्य उतरवतो. मग मी ‘तेजस्वी’ सुचवला. “हाऊ आधी कोनले देयेल शे?” कोणालाच नाही, म्हटल्यावर पहिला प्रयोग आपल्यावर नको म्हणून तोही बाद. अध्यक्षांना मात्र देदीप्यमानशिवाय मानपत्र भारदस्त वाटत नाही.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे तुम्ही जाणताच. तरी मसुद्यांची वही काढून पाहिली (निव्वळ पडताळणी). आजवर तो शब्द तिघांना दिला आहे.

मामींना नमस्कार.

आपला,
कुंदन

ता. क. तिसरे तुम्ही. पंचाहत्तरीचे मानपत्र मीच लिहिले होते. येत्या मंगळवारी त्याला वर्ष होते. ते सुखरूप पार पडले, तर निंबाभाऊ शब्द घ्यायला तयार आहेत. तरी बुधवारी आपल्या अक्षरात चार ओळी पाठवाव्यात. तारीख ठळक घालावी. तोवर ती चौकट भिंतीवरून उतरवून ठेवलेली बरी. काच पुसायची आहे, असे मामींना सांगावे.

ता. क. २ हे पत्र पोचेपर्यंत मंगळवार उलटून जाईल, हे आत्ता लक्षात आले. उद्याचे काम: सकाळीच मामींना फोन (चौकट उतरवायला तुम्ही स्वतः स्टुलावर चढू नये).