फोनातल्या मोठेभाऊंच्या पाया पडताना

मु. पो. कोरीट, ता. नंदुरबार

तीर्थरूप मोठेभाऊ यांच्या पायांवर धाकट्या छगनचे डोके. (एक पाय ऑपरेशनचा आहे हे लक्षात ठेवून डोके हळूच टेकवले आहे.)

इकडे सगळे खुशाल. कापूस अर्धा वेचून झाला, केळीचे घड बरे आहेत, आणि रंजनाची कंबर तिच्या म्हणण्याप्रमाणे दुखते, माझ्या म्हणण्याप्रमाणे नाही. तुमचा गुडघा कसा आहे ते तुम्ही स्वतः कळवा. धर्मेंद्रला विचारले तर तो 'एकदम फर्स्टक्लास' म्हणतो. पण तुमचा हा मुलगा सुरतेत साड्यांच्या दुकानात बसतो, रंग जाणाऱ्या साडीलाही तो तेच म्हणत असणार. आता घरात फोन असताना हा बाबा पत्र का लिहितोय, असे तुम्हाला वाटेल. फोन केला की धर्मेंद्र तो स्पीकरवर टाकतो आणि आपल्या दोघांच्या मधोमध येऊन बसतो, म्हणून.

तर फोनाचीच गोष्ट. आमच्या हेमांगीच्या लग्नाला तुम्हाला आणणे जमणार नाही, गाडीत गुडघा आखडेल, असे धर्मेंद्रने मागेच सांगितले होते. मी बरं म्हटले. (मी आणखी काय म्हणणार? आग्रह करावा तर उद्या गुडघ्याचे काही झाले की बोल मला.) त्यावर त्याने येणाऱ्या पाहुण्याच्या हातून तुमचा व्हिडिओ भरलेला एक नवा फोन पाठवला आणि निरोप दिला, की काका, यात चष्मा न लावता थ्रीडी दिसते, बाबा मांडवातच बसले आहेत असे वाटेल. सारंगखेड्याच्या जत्रेत आपण पुठ्ठ्याचा लाल-निळा चष्मा लावून तंबूत बसलो होतो आणि पडद्यावरचा साप अंगावर आला म्हणून मी तुमच्या मांडीवर चढलो होतो, आठवते ना? तसेच, पण चष्म्याशिवाय आणि सापाऐवजी तुम्ही.

पहिल्या दिवशी तो व्हिडिओ लावला तेव्हा ओट्यावर सगळी मंडळी जमली होती, कारण मिरचीचे देठ खुडायचे काम चालू होते. हेमांगीने बटण दाबले आणि मोठेभाऊ, खोटे नाही सांगत, तुम्ही काचेच्या आत खुर्ची टाकून बसलेले दिसलात, नाक पुढे, कान मागे, जिथल्या तिथे. आणि बसल्या बसल्या म्हणालात, "बठ ना भाऊ, उभा काबर शे?" मी खाली बसलो. नंतर कळले की ते तुम्ही व्हिडिओ काढणाऱ्या धर्मेंद्रला म्हणाला होतात. पण व्हिडिओ जितक्या वेळा लागला तितक्या वेळा मी उभ्याचा खाली बसलो आहे, इलाज नाही. शेजारच्या शांतीबाईंना बाजूने बघायला मिळाले, तर त्यांना तुम्ही एकावर एक चढलेले दोन दिसलात. त्या म्हणाल्या, अरे देवा, एक होता तेव्हाच गल्लीत कोणाची मोठ्याने बोलायची टाप नव्हती!

मग हेमांगीने त्यातली मेख सांगितली. हा फोन बघणाऱ्याचे डोळे शोधतो. डोळे सापडले की त्या डोळ्यांपुरते चित्र उभे करतो; नजर खाली गेली की चित्र चपटे. म्हणजे काय झाले बघा, तुमच्या डोळ्याला जो डोळा भिडवील त्यालाच तुम्ही खरे दिसणार. आता आपल्या घरात असा माईचा लाल कोण आहे? मी तर जन्मभर तुमच्या चपलांकडे बघून बोललो. (तुमच्या डाव्या चपलेचा अंगठा कधी तुटला, कधी शिवला, सगळे मला पाठ आहे. तुमचे डोळे घारे आहेत हे मला परवा समजले.)

खरी फजिती आशीर्वादाची झाली. व्हिडिओच्या शेवटी तुम्ही हात वर करून पुढे आणता, तो चांगला वीतभर काचेबाहेर आल्यासारखा दिसतो. हेमांगी भाबडी, पाया पडायला वाकली. वाकली की डोळे खाली, डोळे खाली की तुमचा हात सपकन आत. पोर डोके वर करी, हात बाहेर. डोके खाली घाली, हात आत. शेवटी तिनेच तोड काढली, की फोन जमिनीवर उताणा ठेवावा आणि वरून वाकावे. तसे केले, तर खालून हात वर करून तुम्हीच तिच्या पाया पडताय असे दिसू लागले. मी ताबडतोब फोन बंद करायला लावला. घराण्यात असे कधी झालेले नाही.

रंजनाचे तर विचारूच नका. ती या घरात सून म्हणून आली त्या दिवसापासून तुमच्यासमोर तिने कपाळावरून पदर खाली ओढला नाही असे झालेले नाही, आणि तुमच्याशी एक शब्द बोललेली नाही. साध्या फोनात तुम्ही आलात तर ती पदर घेत नाही. तो फोटोच, म्हणते. पण इथे तुम्ही साक्षात! तिने झटकन पदर नाकापर्यंत ओढला. पदर आल्यावर फोनाला डोळे दिसेनात, तुम्ही चपटे झालात. फोटोच आहे म्हणून तिने पदर सारला, तर तुम्ही पुन्हा उभे! असे चारदा झाले. आम्ही हसून हसून बेजार. त्यात मिरचीचे हात डोळ्यांना लागले असावेत, पदराआडून बिचारी डोळे पुसत आत गेली ती बाहेर आलीच नाही.

तरी तुम्ही मुळीच काळजी करू नका. सगळी व्यवस्था झाली आहे. मांडवात तुमच्या मानाच्या खुर्चीवर तक्क्याला टेकवून फोन ठेवू, वर टोपी ठेवू. व्याह्यांची गळाभेट मात्र अवघड आहे, त्यांनी मिठी मारली तर तुम्ही त्यांच्या सदऱ्याच्या खिशात जाल. पण होईल काहीतरी. तुम्ही घरी निवांत पडून राहा, गुडघ्याला शेक द्या. यायचा विचारसुद्धा मनात आणू नका.

तुमचा आज्ञेतला,
छगन

ता. क. फोनाला रोज रात्री चार्ज करावे लागते. तुम्हाला तसे लागत नव्हते.

ता. क. दुसरी. धर्मेंद्रला दाखवू नका. सुरतेहून सकाळची गाडी पकडली तर जेवायला माणूस घरी येतो, आणि खिडकीजवळ बसून पाय समोर लांब करता येतो म्हणतात. म्हणतात एवढेच. मी काही म्हणत नाही.

ता. क. तिसरी. हे अक्षर ह्यांचे नाही, रंजनाचे आहे; पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले होते.

मोठेभाऊंच्या पाया पडते. बोलायची पद्धत नाही, लिहायची मनाई कोणी केलेली नाही, म्हणून लिहिते. मिरची मी आदल्याच दिवशी खुडून हात धुतले होते. तुम्ही किती वाळलात, सदऱ्याची कॉलर मानेभोवती किती सैल झाली, ते बघवले नाही म्हणून पदर ओढला. मग सगळे शेतात गेल्यावर एकटीने पदर सारून तुम्हाला नीट पाहिले. ह्यांना तुमच्या डोळ्याला फार वेळ डोळा देता येत नाही, म्हणून ह्यांना खुर्चीच्या मागचे काही दिसले नाही. मला दिसले. भिंतीशी तुमची खाकी पिशवी भरून ठेवली आहे, तिच्यावर काठी आडवी आहे आणि लग्नात घालता तो फेटा आहे. तुम्ही बोलावण्याची वाट बघताय आणि हे तुम्हाला शेक द्यायला सांगताहेत. दोघे भाऊ सारखेच. हळदीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीने या, ह्यांना मी जीप घेऊन स्टेशनवर उभे करते. धर्मेंद्रला सांगा, काकूने बोलावले आहे. आल्यावर मी पदर घेईनच, त्यात बदल नाही. मी पाहायचे ते पाहून घेतले आहे.