बाण फिरत राहिला

कुरितिबा, ८ जुलै २००९

प्रिय नोएलीताई,

एरवी दोन ओळींची मेल पाठवणारा मी आज कागद-पेन घेऊन बसलोय. का, ते पुढे सांगतो. आई फोनवर म्हणाली की पुढच्या शुक्रवारी तुझी चौकशी आहे, नर्सिंगचा परवानाच जायची पाळी आलीय, तू धड जेवत नाहीस, आणि कुणी विचारलं की एवढंच म्हणतेस, "माझाच डोळा लागला असेल." इथे थंडीने बोटं आखडलीत, लॅबमध्ये पोरांनी पाइनच्या बिया उकडायला ठेवल्यात, सगळे सोलून सोलून खातायत, आणि मी अजून एकही सोललेली नाही. मी घाबरलोय, ताई. लहानपणी विहिरीत पडलो होतो तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो.

एका कॉम्प्युटरला चार स्क्रीन आणि चार माऊस जोडायची आमची युक्ती खरं तर शाळांसाठी होती. तुमच्या हॉस्पिटलात, बाळांच्या वॉर्डात, ती मीच हट्टाने बसवली. तुला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! पण कुणी चौथ्या स्क्रीनवर एक्स-रे उघडला की बाकीच्या तिघांचे माऊस जागच्या जागी थांबायचे. तुमचे डॉक्टर झाकेऊ ओरडायचे, "अहो नोएली, तुमच्या भावाचा उंदीर पुन्हा मेला!" आणि तू फणकारायचीस, "फुकट मिळालंय ना? मग जरा दमानं घ्या."

चूक कुठे होती ते मला ठाऊक होतं. चारही स्क्रीनवर चित्र काढणारा प्रोग्रॅम एकटा होता. बेकरीत पाव भाजणारा आणि गिऱ्हाईक बघणारा माणूस एकच असला की जे होतं, तेच. मी दुसरा माणूस नेमला, म्हणजे माऊसचा बाण हलवायचं काम त्याच प्रोग्रॅममध्ये स्वतंत्र चालणाऱ्या एका वेगळ्या धाग्यावर टाकलं. आता चित्र कितीही रखडलं तरी बाण मजेत फिरायचा. हा प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला, म्हणून आमच्यात कुठलाही बदल जगासमोर मांडावा लागतो, ज्यांची तोंडंही पाहिली नाहीत अशी माणसं त्याची चिरफाड करतात. फिनलंडचा एक म्हातारा आहे, कुणाला बरं म्हणून म्हणत नाही. त्याने माझ्या कामाखाली "चालेल" असा एक शब्द लिहिला, तर मी अख्ख्या लॅबला गरम तळलेल्या, कोंबडी भरलेल्या कोशीन्या खाऊ घातल्या.

तुझ्या पाळीत छोट्या राफाएलाचा ऑक्सिजन उतरला आणि वेळेवर कुणाच्या लक्षात आलं नाही, ही बातमी आली आणि मी लॅबमध्ये तुमचा वॉर्ड मांडला. पहिल्या स्क्रीनवर ऑक्सिजनचे खोटे आकडे, चौथ्यावर एकामागून एक एक्स-रे. दोन दिवस काही झालं नाही. सोमवारी दुपारी पहिल्या स्क्रीनवर अठ्ठ्याण्णव आला आणि तिथेच राहिला. मी माऊस हलवला, बाण हलला. आकडा मात्र चार मिनिटं तोच. चित्र काढणारा धागा आत अडकून पडला होता, आणि वरून बाण फिरतोय, म्हणून कुणाला शंकाही येऊ नये. मग आपोआप सुटलं, कुठे काही खूण नाही. पूर्वी बाण थांबला की तुम्ही "गेलं, गेलं!" करत उठायचात आणि आधी बाळापाशी जायचात. ऑक्सिजन उतरला की वाजणारी पाळण्याजवळची घंटा दुरुस्तीला गेलेली, तेव्हा तुमच्याकडे तेवढीच एक खूण होती. ती मी काढून घेतली.

आमचे प्रोफेसर ओदिलोन म्हणतात, "चौकशी होऊ दे, तोवर तोंड उघडू नकोस. असले दोष शंभर असतात, गुपचूप दुरुस्त कर." खरं सांगतो, दोन दिवस मी गप्प बसलो. शिष्यवृत्ती जाईल, पोलीस येतील, त्या पोरीची आई माझी गचांडी धरेल, एवढंच डोक्यात. राफाएलाला इथल्याच मोठ्या हॉस्पिटलात आणलंय. काल दुपारी तिथे गेलो. तिची आई बाकावर बसून एक पिटुकला मोजा बोटावर चढवत होती, काढत होती. "डॉक्टर काय म्हणाले?" असं कुणीतरी विचारलं, तर ती म्हणाली, "अजून काही सांगत नाहीत." मी पायाला पाय लावून पळालो. दोन दिवस गप्प बसण्याची ही लाज आयुष्यभर पुरेल. आज सकाळी तुमच्या हॉस्पिटलला फोन करून ते चारही स्क्रीन बंद करायला लावले आणि आमच्या मेलच्या लिस्टवर सगळ्यांना लिहिलं की माझा बदल ताबडतोब काढून टाका.

आता जे लिहायला इतका वेळ लावला, ते. मे महिन्यातल्या त्या रविवारी आईकडे आपण बटाट्याच्या सारणाच्या पिएरोगी वळत होतो, तेव्हा तू म्हणाली होतीस, "क्लेबेर, तुझ्या त्या स्क्रीनवरचे आकडे मधेच थिजतात बरं का. माऊस चालतो, पण आकडे तेच." मी पिठाच्या हाताने तुझा गाल ओढून म्हटलं, "आकडे नाही थिजत म्हातारे, तुझे डोळे मिटतात. झोपत जा जरा." सगळे हसले, तूही हसलीस. लॅबमध्ये जाऊन मी दहा मिनिटं बघितलं आणि वहीत "माझ्याकडे असं होत नाही" असं लिहून विषय मिटवला. आमच्यातला प्रत्येक जण हे वाक्य रोज लिहितो. ताई, राफाएलाचा ऑक्सिजन उतरला त्या दुपारी तू टक्क जागी होतीस. डोळा लागल्याचं मी तुझ्या डोक्यात भरवलं, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवलास. शुक्रवारी ते डोळा लागल्याचं तोंडातून काढू नकोस. हे पत्र चौकशी करणाऱ्यांपुढे ठेव. मेलवर ते विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून हाताने लिहिलंय, आणि पाकिटात घालण्याआधी नोटरीकडून सहीवर शिक्का मारून घेतोय. वहीचं ते पानही सोबत जोडतोय. चौकशीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, दुपारच्या बसने मी येतो, जे विचारतील ते सगळं सांगतो. पोलिसांची, प्रोफेसरांची भीती आहेच. पण तू दार उघडून मला आत घेशील की नाही, याची सगळ्यात जास्त आहे.

तुझाच,
क्लेबेर