धड्यातलं ते नाव

प्रिय ताई,

मी बरी आहे, गुडघाही आता दुखत नाही. तुझा खोकला थांबला का? लेटिशा रोज शाळेत जाते, पोटभर जेवते. तिची काळजी करू नकोस.

पण माझा संताप ऐक. इंग्रजीच्या धड्यातल्या मुलाचं नाव नेमकं आमच्या ह्यांचंच आहे. लेटिशाने सगळा धडा खडाखडा वाचला आणि ते नाव आलं की गेलेल्याच्या नावाऐवजी आपल्यात म्हणतात तसं 'कुमंजाई' म्हटलं. आजोबांना जाऊन वर्ष झालं नाही, गेलेल्या माणसाचं नाव ती तोंडातून कसं काढेल? बाईंनी ठरवलं, हिला सोपा शब्दही वाचता येत नाही. बसवलं तिला लहान पोरांच्या वर्गात!

मी तडक शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "आजी, नुसतं नाव तर आहे. इंग्रजी शिकायचं तर छापलंय ते वाचायला नको?"

"तुमच्यासाठी नाव असेल. माझा नवरा आहे तो," मी म्हटलं. "पोरीला तीन भाषा येतात. तुम्हाला किती येतात?"

"बघू पुढच्या आठवड्यात," म्हणाल्या आणि फळा पुसायला लागल्या.

घरी पोरगी विचारते, "आजी, एकदाच म्हणू का, अगदी हळू? मग मला वर घेतील." ताई, तिच्यावर ही वेळ आणली ह्या लोकांनी!

उद्यापासून त्या लहान वर्गातल्या बुटक्या खुर्चीवर मीही तिच्या शेजारी बसणार आहे. उठवून दाखवा म्हणावं.

घरच्या सगळ्यांना माझी माया सांग.

तुझी धाकटी