त्रिवेणीचा पाठ, माझी टाचणवही

पोखर्णी,
शनिवार, २० सप्टेंबर

प्रिय त्रिवेणी,

पाकीट पाहून घाबरू नकोस, आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू "गिऱ्हाईक आलंय, ठेवते" म्हणतेस आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवतेस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हा खटाटोप. झेरॉक्स मशीनपाशी उभ्या उभ्या वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच. राजेश्वररावांना म्हणावं, तेवढा वेळ दुकान तुम्ही बघा.

तर झालं असं. आमच्या आठवीने पहिल्या चाचणीत इतिहासात असे काही दिवे लावले की मुख्याध्यापक भगवानराव सरांनी मला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यासकट बोलावून घेतलं. 'मराठवाडा उशिरा स्वतंत्र का झाला?' या प्रश्नाला एकाने लिहिलं होतं, 'रस्ता खराब होता म्हणून.' मला हसू आवरेना. सरांना चांगलंच आवरलं. म्हणाले, मुक्तिसंग्राम दिनाच्या दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येतायत, आठवीचा इतिहासाचा पाठ बघणार आहेत. तो रंगला तर तास तुमचे, नाहीतर माणिकराव सरांना देऊन टाकतो. माणिकराव आमचे पीटीचे सर. माणूस सज्जन, पण त्यांची पद्धत म्हणजे मुलांना मैदानात उभं करून सनावळ्यांची कवायत. 'सावधान' म्हटलं की सत्तेचाळीस, 'विश्राम' म्हटलं की अठ्ठेचाळीस. मुलांचं पाठ होतं, नाही असं नाही. मध्यंतरी त्यांच्या हाताखालच्या एका मुलीला मी विचारलं, अठ्ठेचाळीसला काय झालं गं, तर तिने हात मागे बांधले आणि पाय फाकवून उभी राहिली.

माझे तास असे जाऊ द्यायचे नव्हते. पाठाची आखणी करायला मी टाचणवही घेऊन बसले. आधी ठरवलं, शाळेच्या टीव्हीवर चित्रफीत दाखवू. रंगीत तालमीच्या दिवशी लाईट गेली ती तास संपल्यावरच आली. मग ठरवलं, निजामाच्या राज्याचा नकाशा धान्याने काढू. व्हरांड्यात ज्वारीचा मराठवाडा, तुरीचा तेलंगणा, मुगाचा कानडी मुलूख, असा झकास नकाशा मुलांनी मांडला. मधल्या सुट्टीत कुणाच्या तरी शेळ्या आल्या आणि मुक्तिसंग्राम न होताच अख्खं संस्थान खालसा झालं. शेवटी तपासणीला तीन दिवस उरले आणि वही कोरी. तेव्हा मला तुझा पाठ आठवला.

आठवतो ना तुला? बी.एड.चा शेवटचा पाठ, परभणीची ती पत्र्याची शाळा. तू वर्गाच्या मधोमध खडूने रेघ मारलीस. डावीकडचे इंग्रजांच्या मुलखातले, उजवीकडचे निजामाच्या. मग पंधरा ऑगस्ट आला म्हणून डावीकडच्यांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्यास आणि उजवीकडच्यांना सांगितलंस, तुम्हाला अजून तेरा महिने थांबायचंय. काय कल्ला झाला होता. एक पोरगा रेघेवर आडवा झाला आणि म्हणाला, गोळी दिल्याबिगर उठत न्हाई. परीक्षकांनी शेरा मारला, 'उत्साह आहे, वर्गनियंत्रण नाही.' त्याच आठवड्यात मी फळ्यावर आठ मुद्दे लिहून मुलांकडून उतरवून घेतले आणि तुझ्यापेक्षा अकरा गुण जास्त मिळवले. स्टँडवर तू मला म्हणालीस, मला शिकवताच येत न्हाई गं. आणि त्यानंतर तू कुठल्या शाळेची पायरी चढली नाहीस.

तो पाठ मी जसाच्या तसा चोरला. हल्ली वाकलं की मला गरगरतं, म्हणून रेघ रामने मारली, हा आमचा वर्गातला सर्वांत उंच मुलगा. रेघेवर पहारा सुकेशनीचा. ही एरवी तोंडातून शब्द काढत नाही. भर म्हणून मी वर्गातल्या अर्पिताच्या पणजोबांना, बन्सीधर आजोबांना बोलावलं. वय अठ्ठ्याऐंशी, त्या काळात दहा वर्षांचे. म्हटलं, रझाकारांच्या आठवणी सांगतील, मुलं थरारून जातील. आजोबा खुर्चीत बसले, फेटा सारखा केला आणि त्यांनी बैलाची गोष्ट सुरू केली.

तेवढ्यात साहेब आले. दार डाव्या भागात उघडतं आणि त्यांची खुर्ची होती उजवीकडे. रेघेशी सुकेशनीने हात आडवा केला. "परवाना दाखवा." साहेब हसले. ती हसली नाही. त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं, तर म्हणते, "हे तिकडचं हाय. इकडं चालत न्हाई." दारात भगवानराव सरांनी कपाळाला हात लावला. साहेब निमूटपणे डावीकडच्या बाकावर मुलांच्यात बसले आणि शेजारच्याने त्यांना एक गोळी दिली.

आजोबांचा बैल चालूच होता. त्यांच्या वडिलांनी तो इंग्रजी मुलखातल्या बाजारातून आणलेला. सरहद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाची जकात. "बैलाला कोण इचारतंय? माणसालाच कागद लागायचा. बैल दावं तोडून गेला पल्याड, अन् बाप राह्यला अल्याड. दोन दिस नुसता हाका मारायलाय." रामने विचारलं, "आजोबा, मंग त्यो बैल कुण्या देशाचा झाला?" आजोबांनी खूप विचार केला आणि म्हणाले, "त्यानं काय सांगितलं न्हाई." त्यावर जी जुंपली म्हणतेस. भाषा एक, गाव चार कोसांवर, तर मधे नाका कुणी घातला, दिल्लीत झेंडा लागला तर आमच्याकडे का नाही, सगळं मुलंच विचारत होती. घंटा झाली तरी कुणी उठेना, साहेबसुद्धा.

साहेबांनी शेरा लिहिला, 'पाठ जिवंत. विद्यार्थी स्वतः प्रश्न विचारतात. अभ्यागतांच्या बैठकव्यवस्थेत सुधारणा करावी.' तास माझे राहिले. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, कल्पना कुठून सुचली मॅडम, आणि मी मान खाली घालून म्हणाले, सुचली अशीच. माणिकराव सरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मला माझीच लाज वाटली. काल सकाळी सरांच्या केबिनमध्ये जाऊन तुझं नाव सांगून आले.

आता खरं काम. मला पाचवा महिना लागलाय. दिवाळीनंतर सहा महिने मी शाळेत नसेन. तेवढ्या काळासाठी तासिका तत्त्वावर बाई मिळाली नाही, तर आठवी परत कवायतीला उभी राहील. सर म्हणाले, ज्यांचा पाठ त्यांनाच आणा. गंगाखेडहून एसटी थेट आमच्या फाट्यावर थांबते आणि तुझ्या शेजारच्या सिद्धम्मा मावशींना मी फोन करून विचारलंय, त्या दुकानात बसायला एका पायावर तयार आहेत. पण तू हो म्हणायच्या आधी तुला एक माहीत असलं पाहिजे. त्या दिवशी तुझ्या पाठाचं निरीक्षण लिहायला मागच्या बाकावर मी होते. 'वर्गनियंत्रण नाही' हे आधी मी लिहिलं होतं. परीक्षकांनी माझा कागद मागितला आणि वाक्य उतरवून घेतलं. तुझा वर्ग बघून मला तुझा हेवा वाटला होता, त्रिवेणी. माझ्या पाठात कधी कुणी रेघेवर आडवं झालं नसतं. अकरा वर्षं हे मला तोंडाने सांगता आलं नाही. तुला शिकवता येतं. माझ्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, पण ते आठवीसमोर उभी राहून कर. सोमवारी, २९ तारखेला, तिसऱ्या तासाला तुझा नमुना पाठ ठेवलाय, आणि मी मागच्या बाकावर बसणार आहे, या वेळी कागद न घेता.

तुझीच, खोटं निरीक्षण लिहिलेली,
राजेश्री