खडूचं स्वयंपाकघर

प्रिय ताई,

"तुझ्या स्वयंपाकघरात एका वेळी दोन माणसं मावायला लागली, की मी तुझ्याकडे राहायला येईन." हे वाक्य तू सतरा वर्षांपूर्वी, आमच्या या घरात पहिल्यांदा पाऊल टाकलंस त्या दिवशी, हातातली पिशवी खाली ठेवायच्याही आधी बोललीस. आठवत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण भाऊजी गेल्यापासूनच्या दोन वर्षांत मी तुला चार वेळा बोलावलं आणि चारही वेळा तू मला तेच ऐकवलंस. तर आता नमस्कार. पत्राची सुरुवात नमस्कारानंच करायची असते आणि तोही वाकून, हे मला कळतं. पण सध्या आमच्या घरात वाकायच्या आधी मागे कुठलं दार उघडं आहे ते बघावं लागतं, म्हणून क्रम जरा चुकला. राग मानू नकोस.

तुझा हात कसा आहे? (फोनवर तू 'जरासा लचकला' म्हणालीस. तुझ्या समोरच्या दारच्या बाईंनी मला कळवलं की मनगटाचं हाड मोडलंय, कोपरापर्यंत प्लास्टर आहे आणि तू डाव्या हातानं कांदे चिरतेस. त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांचा नंबर मीच तुझ्या नकळत घेऊन ठेवला होता.) इकडे सगळं ठीक आहे. कन्येची परीक्षा संपली. यांच्या डोक्याला चार टाके पडले होते, तेही निघाले. ते कसे पडले हे सांगायचं तर स्वयंपाकघरापासून सुरुवात करायला हवी.

आमचं स्वयंपाकघर तुला माहीत आहेच. सात फूट लांब, साडेपाच फूट रुंद. त्यात ओटा, सिंक, फ्रिज आणि मी. या चौघांपैकी हलता येतं ते फक्त मला, आणि तेही आडवं. भाऊजी गेल्यावर तुझा चौथा नकार आला, त्या दिवशी मी ठरवलं की पुरे झालं. माणसाला नकाराचं कारण भावनेचं असलं तर रडता येतं, समजूत काढता येते. पण तुझा नकारच फुटाइंचात, तर उत्तरही फुटाइंचातच द्यायला हवं.

आधी एक तज्ज्ञ बाई बोलावली. स्वयंपाकघरांची आखणी करणं हाच तिचा धंदा. तिनं आल्या आल्या मला विचारलं की माझं माझ्या स्वयंपाकघराशी नातं कसं आहे. मी म्हटलं, वीस वर्षांच्या संसारात जसं असतं तसं, फारसं बोलत नाही आम्ही. मग तिनं शेगडी, सिंक आणि फ्रिज यांना जोडणारा एक त्रिकोण काढला. (तेव्हापासून आमच्यात तिचं नाव त्रिकोणबाई.) हा त्रिकोण म्हणे जितका आटोपशीर, तितकी बाईची पायपीट कमी. आमच्या त्रिकोणात मधे उभं राहिलं की तिन्ही गोष्टींना नुसती कोपरं लागतात, त्यामुळे आमचं स्वयंपाकघर शास्त्रीय दृष्ट्या आदर्श निघालं. नंतर तिनं घरातल्या सगळ्या वस्तू जमिनीवर काढायला लावून त्यांचे तीन ढीग करवले : रोज लागणाऱ्या, आठवड्याला लागणाऱ्या आणि वर्षातून एकदा लागणाऱ्या. सगळं करून एक चौथा ढीग उरला आणि तोच सगळ्यांत मोठा होता. त्यात तीन फुटके थर्मास, माशाच्या आकाराचा एक साचा (कुणी दिला, का दिला, ते गूढच) आणि डबे नसलेली अडतीस झाकणं होती. टाकून द्या म्हणाली. मी म्हटलं, झाकणं टाकली की दुसऱ्या दिवशी डबे सापडतात, हा आमच्या घरातला अनुभव आहे. शेवटी तिनं विचारलं, की इथे स्वयंपाक करणारी माणसं किती. मी म्हटलं, दोन. दुसरं कोण? येणार आहे. कधी? स्वयंपाकघर झालं की. यावर तिनं हातातला टॅब खाली ठेवला, माझ्या पोटाकडे बघितलं आणि सावकाश माझं अभिनंदन केलं. मला सांगावं लागलं, की नाही हो, येणारी माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी आहे. ती परत आली नाही.

मग यांनी कंबर कसली. तुला ठाऊकच आहे, यांचं आयुष्य गोदामात गेलं. कुठल्या ट्रकमध्ये कुठली खोकी कशी रचायची, याची आखणी करण्यात यांचा हात धरणारा कोणी नाही, असं यांच्या कचेरीत सगळे म्हणतात (सगळे म्हणजे हे). 'एका ट्रकमध्ये चारशे खोकी बसवतो मी, तुझे डबे ते किती!' असं म्हणून यांनी हॉलमधलं सामान भिंतीला सारलं आणि फरशीवर खडूनं अख्खं स्वयंपाकघर काढलं. खऱ्या मापाचं. ओटा, फ्रिज, सिंक, खालचे ड्रॉवर, कोपऱ्यातलं फिरतं कपाट, सगळं. आणि हुकूम निघाला, की आठवडाभर या खडूच्या स्वयंपाकघरात तालीम करायची. चुका कागदावर सापडत नाहीत, जमिनीवर सापडतात म्हणे.

ताई, मी आठवडाभर टीव्हीसमोर उभी राहून रिकाम्या कढईत रिकामा झारा फिरवला. हे हातात घड्याळ धरून माझी पावलं मोजत होते. तुझं काम कन्येकडे आलं. ती पडली काडी, म्हणून तुझं माप यावं यासाठी तिच्या कमरेला दोन उशा बांधल्या (कल्पना यांची, मी विरोध केला होता, पण एका उशीपुरताच). कार्टी पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून खडूच्या रेघेत उभी राहिली आणि तुझ्या आवाजात म्हणाली, "मिठाचा डबा इथे? कोणी शिकवलं गं तुला? सर, मी करते." आम्ही तिघंही इतके हसलो, की खालच्या मजल्यावरच्या वहिनी काय झालं ते बघायला वर आल्या, आणि आल्या त्या खडूच्या दारापाशी थबकून 'आत येऊ का?' म्हणाल्या. चौथ्या दिवशी मी इकडून वळले, कन्या तिकडून वळली, दोघींच्या हातात पातेली, आणि धक्का लागला नाही. यांनी घड्याळ बंद केलं. मला एकदम भरून आलं. फरशीवरच्या पांढऱ्या रेघांत उभं राहून रडणारी बाई म्हणजे शोभाच, पण कन्या उशांसकट माझ्या गळ्यात पडली.

मग सुतार आले. हे सुतारकाका कशालाही नाही म्हणत नाहीत. "बसेल, वहिनी, बसवून टाकू." वरची कपाटं किती उंचीवर लावायची, हे तेवढं खडूत नव्हतं, कारण फरशीला उंची नसते. सुतारकाकांनी विचारलं तेव्हा मी भाजी आणायला गेले होते. यांनी आपला हात सहज वर केला आणि म्हणाले, 'एवढ्यावर.' सहा फुटी माणसाचा हात तो! स्वयंपाकघरात जो दिवसातून दोनदा पाणी प्यायला येतो, त्याच्या सोयीनं माझी कपाटं लागली. वीस दिवसांत सगळं उभं राहिलं. दिसायला इतकं देखणं, की पहिला दिवस आम्ही नुसतं उंबऱ्यात उभं राहून बघण्यात घालवला. तो दिवस सुखाचा गेला.

दुसऱ्या दिवशी मी फ्रिज उघडला. फ्रिजचं दार सिंकखालच्या कपाटाच्या उघड्या दाराला भिडलं. ते बंद करायला वाकले, तर मागचा ड्रॉवर अर्धा बाहेर होता. ड्रॉवर ढकलला तेव्हा कळलं की तो बंद होण्यासाठी आधी कोपऱ्यातलं कपाट मिटायला हवं, आणि ते मिटण्यासाठी मी तिथून निघायला हवं, आणि मला निघायला वाट फ्रिजच्या दारातून. ताई, आठवडाभर तालीम केली, घड्याळ लावलं, उशा बांधल्या, पण खडूच्या स्वयंपाकघरात एकही दार कोणी उघडलं नव्हतं! यांनी सगळी दारं मिटलेली काढली होती. मी चिडून विचारलं, तेव्हा हे कोपऱ्यातल्या कपाटाकडे बघत अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्याकडे माल बाहेर काढायचं खातं वेगळं असतं गं." सुतारकाकांच्या ते आधीच लक्षात आलं होतं. मग बोलला का नाहीत? "साहेब घड्याळ घेऊन उभे होते, वहिनी. मी म्हटलं, काहीतरी हिशेब असेल."

तेव्हापासून आमच्याकडे वाहतुकीचे नियम आहेत. एका वेळी एकच दार. कन्येनं तशी पाटीच लिहून लावली आहे. फ्रिजमधून दूध काढायचं, फ्रिज मिटायचा, मग पातेल्याचा ड्रॉवर, तो मिटायचा, मग साखर. चहाला पंचवीस मिनिटं लागतात, पण त्रिकोण शाबूत आहे. कोपऱ्यातलं फिरतं कपाट गोल फिरतं आणि त्यात ठेवलेली वस्तू फिरत फिरत मागे जाते. किसणी गेली ती गेलीच, कपाट फिरवलं की तिचा खडखडाट तेवढा ऐकू येतो. आणि वरच्या कपाटाचं तर काय सांगू. माझा हात आतल्या फळीपर्यंत पोचत नाही, यांचं डोकं मात्र दाराच्या खालच्या कडेपर्यंत बरोबर पोचतं. पाणी प्यायला आले, दार उघडं होतं, चार टाके. घरातलं बाकी कोणी त्या दारावर आपटू शकत नाही. मी दया दाखवली, पण पूर्ण नाही.

वरचं काढायला मला एक स्टूल आणावं लागलं. आता स्टूल ठेवायला आखणीत जागा नाही, म्हणून ते स्वयंपाकघराच्या बरोब्बर मधोमध असतं, म्हणजे जिथे कन्या उशा बांधून उभी होती तिथेच. तुझ्या जागी. पहिल्या दिवशी ते तिथे ठेवलं आणि मला वाटलं, एवढा खटाटोप करून ताईची जागा अखेर लाकडाला दिली.

मग परवा दुपारी भाजी शिजत होती, मी सगळी दारं मिटून दमून त्या स्टुलावर टेकले, आणि मला तुझं जुनं स्वयंपाकघर आठवलं. आई गेली त्या वर्षी तू एकवीसची होतीस आणि मी दहाची. तू कामात असायचीस आणि मी मागे पिठाच्या मोठ्या डब्यावर पुस्तक घेऊन बसायची. मी उठले की म्हणायचीस, "तू नुसती बस. तेवढी मदत पुरे." ते स्वयंपाकघर किती फुटांचं होतं गं? याहूनही लहान असणार. दोघी मावत होतो की आपण. एक उभी, एक बसलेली, अशा मावत होतो. हे आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. तुझं वाक्य ऐकलं आणि आम्ही दोघींना उभंच धरलं.

तर ताई, मोजून लिहिते. आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी दोन माणसं मावतात. अट एकच, की त्यातल्या एकीनं काही करायचं नाही. तुझा उजवा हात तसाही प्लास्टरमध्ये आहे, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत सहा आठवडे ये. हे परवा तुला न्यायला येऊ शकतात, टाके निघाले आहेत.

तुझी,
धाकटी

ता. क. फ्रिजचं दार उलट्या बाजूला उघडेल असं करून द्यायला सुतारकाका तयार आहेत, पण पुढच्या महिन्यात. 'आधी दार होऊ दे, मग येते' असं कळवू नकोस.

ता. क. स्टुलावर तू बसलीस की मला वरच्या कपाटातलं काही काढता येणार नाही, ही अडचण तू काढणार हे मला माहीत आहे. वर फक्त ती अडतीस झाकणं आहेत.

ता. क. वर सहा आठवडे लिहिलं ते खोटं आहे. हॉलमधला खडू पुसला, पण काल यांनी खिडकीजवळ नवा चौकोन काढला आहे, सहा बाय तीन, तुझ्या पलंगाचा. शेजारी तुझं कपाट काढलंय आणि या वेळी त्याचं दार उघडं काढलंय. कन्येला त्यावरून चालायला बंदी आहे.

ता. क. तू पलंगाला हो म्हणशीलही कदाचित. पण माझं खरं मागणं स्टुलाचं आहे, आणि जन्मात जी कुणाच्या स्वयंपाकघरात हात बांधून बसली नाही, ती त्याला नाहीच म्हणणार. मिठाचा डबा हलवशील, डाव्या हातानं कांदा ओढून घेशील, 'सर, मी करते' म्हणशील. तरी विचारते. ये, आणि नुसती बसशील?