नव्या चाबकाला नवं वर्तुळ

प्रिय ताई,

पाचवा पदर सुटला. अजून तीन आहेत. चाबकाची वीण शेपटीकडून सोडवत यायची असते हे मला आत्ता कळतंय. मी मुठीकडून सुरुवात केली आणि गाठ आवळून बसली. टेबलावर वर्तमानपत्र पसरलंय, त्यावर चामड्याच्या लांब पट्ट्या पडल्यात आणि त्यांच्या शेजारी हा कागद. एक पदर सोडवतो, थोडं लिहितो. रविवारची दुपार आहे. जिन्यातून कुणीतरी सायकल खाली उतरवतंय, प्रत्येक पायरीवर तिची घंटा वाजते.

चाबकाच्या आत आणखी एक चाबूक असतो. वरची वीण थोडी सुटली की तो दिसतो. तसाच विणलेला, तसाच निमुळता, फक्त बारीक. हे तुला दाखवायला हवं होतं. घड्याळाच्या आत काय असतं ते तू मला लहानपणी दाखवलं होतंस. माझं तोंड दाबून धरलं होतंस, माझ्या श्वासाने चक्री उडेल म्हणून.

हा छंद तुझ्यामुळे लागला, तेव्हा त्याची सुरुवात तुला ठाऊक आहेच. तरी लिहितो, कारण पुढचं लिहायला हात वळत नाही. माझी ही जाऊन दीड वर्ष झालं होतं. ग्रंथालयातून घर, घरातून ग्रंथालय. तू एक दिवस आलीस, ओट्यावरचा एक कप आणि एक चमचा बघितलास आणि म्हणालीस, "अरे धांद्या, असाच बसून राहिलास तर अंगावर बुरशी चढेल. काहीतरी शीक. मोठा आवाज होईल असं काहीतरी. जन्मभर लोकांना शू शू करत आलास." तुझ्या मनात गाणंबिणं असावं. पण त्याच आठवड्यात घोड्यांवरची पुस्तकं नेणारा तो म्हातारा खिडकीशी आला. चाळीस वर्षं घोडे शिकवले होते त्याने. मी सहज विचारलं, चाबूक लागायचा का हो घोड्यांना? तो म्हणाला, "लागू दिला असता तर मी कसला घोडेवाला? घोड्याला चाबूक फक्त ऐकवायचा."

मी शिकायचं ठरवलं तेव्हा दाजी म्हणाले, "पन्नाशीत चाबूक? आता घरात मारायला उरलंय कोण?" मग त्यांना ही आठवली आणि ते पाणी प्यायला आत गेले. तू मात्र हसत राहिलीस. मीही हसलो. त्या घरात हसलो ते बऱ्याच महिन्यांनी.

घोडेवाल्याने बंद कारखान्यामागची शेड दाखवली. वर पत्रा, बाजूंनी मोकळी, खाली सपाट काँक्रीट, मधोमध पूर्वीच्या यंत्राचा एक बोल्ट जमिनीतून वर आलेला. त्या बोल्टवर टाच ठेवून उभं राहायचं. पहिल्या दिवशी त्याने चाबूक हातात दिलाच नाही. खडू दिला. म्हणाला, "तुझा हात, तुझा चाबूक, आणि वर दोन पावलं. एवढ्या दोरीने वर्तुळ काढ. आत फक्त तू. बघणारा बाहेर." मग चष्मा, टोपी, लांब बाह्यांचा सदरा. मग सहा फुटी चाबूक. तीन रविवार माझ्याच पाठीवर, माझ्याच कानावर. मी जोर लावायचो आणि चाबूक ओल्या टॉवेलसारखा पडायचा. तो म्हणायचा, "मारू नकोस रे. सोड. डोक्यावरून नीट पुढे सोड, वळसा त्याचा तो टोकापर्यंत जाईल. तू घाई केलीस की तो वाटेतच मरतो."

चौथ्या रविवारी तू आलीस. थर्मास, स्टूल आणि तुझी चिमट्यांची डबी घेऊन. चाबकाच्या टोकाला दोऱ्याचा गोंडा असतो, आवाज करतो तो गोंडाच, आणि तो दर थोड्या वेळाने झडतो. मी बांधलेले गोंडे दोन फटक्यांत उसवायचे. तू डोळ्याला भिंग लावलंस, रेशमाचा दोरा पिळलास, आणि सांगितलंस, "आता सोड." त्या दिवशी पहिल्यांदा आवाज झाला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. तू टाळ्या वाजवल्यास, मग घाबरून इकडेतिकडे पाहिलंस, जणू कुणी शू म्हणेल.

मग तू दर रविवारी यायचीस. वर्तुळाच्या बाहेर, रेषेपासून वीतभर अंतरावर तुझं स्टूल. स्टुलाच्या चारही पायांखाली तू खडूने फुल्या केल्या होत्यास. मी चिडवलं, तर म्हणालीस, "जागा ठरलेली असली की विचार करावा लागत नाही." बाबांचं वाक्य. बाबांनी जाताना घड्याळांच्या दुकानातलं टेबल तुला दिलं आणि चारचौघांत म्हणाले, याच्या हातात दिलं तर हा स्क्रूसकट घड्याळ हरवेल. सगळे हसले. मीही हसलो. मला राग आला नव्हता, असं मी पंचवीस वर्षं समजत होतो.

सहावा पदर सुटला.

त्या सकाळी माझ्या हातात नवा चाबूक होता. नऊ फुटी. घोडेवाला आला नव्हता, त्याला ताप होता. चाबूक देताना त्याने एकच गोष्ट सांगितली होती, नव्या चाबकाला नवं वर्तुळ. मी ती विसरलो नव्हतो, ताई. खडू माझ्या खिशात होता. पण दोरी घरी राहिली होती, आणि मला वाटलं, एकदाच वाजवून बघू, मग काढू. तू नवा गोंडा बांधून दिलास. भिंग लावायला तू चष्मा काढला होतास तो स्टुलावर तुझ्या मांडीशी होता. तू आपल्या जागेवर बसलीस. मला लांब चाबकाचं वजन पेलेना, म्हणून मी जोर लावला, आणि जोर लावताना पाऊल पुढे पडतं. सहा फुटीत ते पाऊल वर्तुळात मावायचं.

आवाज झाला नाही. टोक मोकळं सुटलं तरच आवाज होतो. मला वाटलं, फटका फुकट गेला. मी चाबूक मागे ओढायला लागलो होतो, तेव्हा तुझी डबी खाली पडली आणि चिमटे काँक्रीटवर सांडले.

रुग्णालयातलं तुला फारसं आठवत नाही, असं तू सांगतेस. तुला आत नेल्यावर दाजी आले. भिंतीकडे बघत म्हणाले, "संध्याकाळी मला ती जागा दाखव." एवढंच. मी म्हटलं, सामान तिथेच राहिलंय, मी घेऊन येतो. मी दुपारी गेलो. बादलीभर पाणी आणलं, फडक्याने जुनं वर्तुळ पुसलं, दोरी तीन फुटांनी वाढवून नवं वर्तुळ काढलं. दोरी मी वाटेत घरून घेतली होती. तुझं स्टूल होतं तिथेच ठेवलं. आता ते रेषेच्या आत होतं. फुल्याही पुसल्या. या सगळ्याला अर्धा तास लागला. इतकं नीटनेटकं काम मी जन्मात केलं नव्हतं.

संध्याकाळी दाजींनी पाहिलं. रेषेवरून एकदा चालत गेले. मग तुझ्या खाटेशी बसून अगदी हळू आवाजात तुला म्हणाले, "स्टूल रेषेच्या आत होतं गं." तू पट्टीआडून म्हणालीस, "असेल." मी दाराशी उभा होतो. दोन दिवसांनी तू मला विचारलंस, "पण फुल्या होत्या ना रे? माझ्या चार फुल्या?" मी म्हणालो, "कसल्या फुल्या, ताई?"

डोळा गेला तो माझ्या घाईने गेला. ते वाईट आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट मी त्या तीन शब्दांनी घेतली, आणि सात महिने ती माझ्याजवळ आहे. डॉक्टरांनी सांगितलं, डावा डोळा उत्तम आहे, सवयीने कामही जमेल. तू डाव्या डोळ्याला भिंग लावायला शिकलीस. एका शिक्षिकेचं मनगटी घड्याळ उघडून लावलंस, ते चाललं, मी स्वतः ऐकलं. आणि मग तू ते पुन्हा उघडलंस. चार वेळा उघडलंस. मागच्या रविवारी जेवताना तू जे बोललीस ते मी आठवडाभर ऐकतो आहे. "चालतं की नाही हा प्रश्न नाही रे. स्क्रू नीट बसला हे मी बघितलं असं मला आठवतं, पण मला तर फुल्याही आठवतात." मग भात वाढताना सांगितलंस, टेबल त्या कुलपं दुरुस्त करणाऱ्याला देऊन टाकते, पुढच्या सोमवारी सकाळी नेणार आहे. दाजी म्हणाले, बरं होईल, तुझ्या डोक्याचा ताप जाईल. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "आता आपण दोघं सारखेच झालो. बाबांना दोन धांदरट पोरं." तू हसलीस. ताई, मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. मला बरं वाटलं.

सातवा सुटला. आठवा आपोआप हातात आला. आतला चाबूक तसाच आहे, तो सोडवत नाही. तुझा शेवटचा गोंडा मी आधीच कापून काडेपेटीत ठेवला आहे. तो पाठवत नाही.

काल मी शेडमध्ये गेलो होतो. मला भीती अशी होती की हे सगळं सांगितलं तरी तू मानणार नाहीस. तू म्हणशील, टेबल वाचवायला हा माझ्यासाठी खोटं बोलतोय, वेडा. आणि दाजी त्यात भर घालतील. तेव्हा हे पत्र तुला पटवायला नाही, तुला तिथे पाठवायला लिहिलं आहे. माझ्याबरोबर येऊ नकोस, दाजींनाही नेऊ नकोस, एकटी जा. पत्र्याखाली खडू टिकला आहे. बोल्टपासून बघत बाहेर ये. आधी एक फिकट पट्टा लागेल, वर्तुळाकार, बाकीच्या काँक्रीटपेक्षा स्वच्छ. तिथे मी जुनी रेषा पुसली. त्याच्या बाहेर, तीन फुटांवर, मी काढलेली खोटी रेषा. दोन्हींच्या मध्ये, फिकट पट्ट्यापासून वीतभर अंतरावर, खाली वाकून बघ. स्टुलाचे पाय उचलून उचलून मी तीन फुल्या पुसल्या होत्या. चौथ्या पायाखालची राहिली. ती आहे. तुझ्याच हातची आहे, बारीक, सारख्या टोकांची. चष्म्याचं मनात आणू नकोस, रेषेबाहेर घोडेवालासुद्धा चष्मा काढून बसायचा. तू बाहेर होतीस. तुझी जागा ठरलेली होती आणि तू त्या जागेवर होतीस. तुला जे आठवतं ते बरोबर आठवतं. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तू केलंस तर मला ते कुठे ठेवावं कळणार नाही. फक्त टेबल जाऊ देऊ नकोस.

तुझाच,
धांद्या

सोमवार, सकाळ. पत्र काल पाच वाजता संपलं. तुझं घर चालत वीस मिनिटांवर आहे. मी आलो नाही. आज साडेसातला दुकानाशी आलो. टेबल सातलाच नेलं, असं शेजारच्या शिंप्याने सांगितलं. शटर अर्धं वर आहे. टेबल होतं तिथे जमिनीवर चार चौकोनी खुणा आहेत आणि तू झाडते आहेस. हे मी शिंप्याच्या फळीवर लिहितो आहे. पाकीट शटरखालून आत सरकवतो.